निळा ठिपका

काचताईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. बाकी सगळ्यांना त्या काचताई. रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर ओढायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि त्यात काय दिसतं ते सांगायचं, हे काम त्यांनी एकाच लॅबमध्ये चोवीस वर्षं केलं. खुर्ची तीनदा बदलली, पण जागा तीच. खिडकीकडे पाठ, उजव्या हाताला तेलाची बाटली, डाव्या हाताला पेशी मोजायचं यंत्र. पेशी दिसली की कळ दाबायची, शंभर झाल्या की घंटी वाजते. काचताईंची बोटं इतकी सरावली होती की घरी टीव्ही बघतानाही मांडीवर कळा दाबत बसायची. नवरा म्हणायचा, "आता माझं रक्त मोजायला घेऊ नकोस. आधीच बरंच आटलंय."

लॅब म्हणजे गाद्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाक आणि रक्त काढायची खुर्ची. मागच्या खोलीत फ्रिज, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, त्याच्या एका पायाखाली कायमची पुठ्ठ्याची घडी, आणि कोपऱ्यात एक कुलूपबंद कोठी. मालक सर. सर म्हणजे डॉक्टर, वय एकाहत्तर, बोलणं मोजकं, इस्त्रीचा शर्ट कधी चुकला नाही. प्रत्येक रिपोर्टखाली सही त्यांची. काच बघायच्या काचताई, चिठ्ठीवर लिहायच्या काचताई, सही सरांची. काच कोणी पाहिली, हे कागद कधी विचारत नाही, कागदाला सही पुरते. मोठमोठे डॉक्टर फोन करून सांगायचे, "सर, काय नजर आहे तुमची!" सर "हं" म्हणायचे आणि फोन ठेवताना काचताईंकडे बघायचं टाळायचे.

काचताईंनी याचा सुरुवातीला राग राग केला, मग सवय करून घेतली. पण सगळंच कोणी गिळत नाही. काचेवर हिरकणीच्या पेन्सिलीने नंबर कोरावा लागतो. त्या नंबराखाली काचताई एक बारीक तिरपी रेघ ओढायच्या. रेघ म्हणजे, ही मी पाहिली. कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. पण कोरलेलं ते कोरलेलं, त्याला पुसणं नाही, एवढं त्यांना पुरत होतं.

राग गिळायला आणखी एक कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक बाई ताप घेऊन आली, पाचवा महिना चालू होता. काचताईंनी काच पाहिली आणि मलेरिया नाही म्हणून लिहून दिलं. मलेरिया होता. बाई वाचली, पोटातलं बाळ गेलं. बाईचा दीर चार माणसं घेऊन जिना चढून आला तेव्हा काचताई कोठीच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. पुढच्या खोलीत सर सांगत होते, "काच मी पाहिली. चूक माझी." त्या माणसाने सरांची कॉलर धरली तरी सरांनी वाक्य बदललं नाही. नंतर काचताईंना ते एवढंच म्हणाले, "उद्या वेळेवर ये." बोलले असते तर बरं झालं असतं. बोललेलं माणूस फेडून टाकतं. न बोललेलं गळ्यात पडतं, आणि ते काचताईंच्या गळ्यात बावीस वर्षं पडलं होतं.

त्या दिवसापासून सरांनी एक नेम धरला. रोजच्या काचांतल्या शंकेच्या, बघण्यासारख्या काचा ठेवून द्यायच्या. वर्षाची एक पेटी भरायची. पेटी भरायचं काम मात्र ते स्वतः करायचे, संध्याकाळी पाचला काचताई गेल्या की. काचताईंना वाटायचं, म्हाताऱ्याचा छंद आहे, करू दे.

आता ठरावरावांबद्दल सांगायला हवं. हे लॅबवाल्यांच्या संघटनेचे सचिव, स्वतः रक्तपेढीत तंत्रज्ञ. सभेत चहा थंड आला तरी निषेधाचा ठराव मांडणार, म्हणून ठरावराव. हा माणूस एकोणीस वर्षं एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागला होता. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावायचा नाही, असा नियम व्हावा. शेवटी तो झाला. दोन दर्जे ठरले, पूर्ण तंत्रज्ञ आणि सहायक. सहायकाने रक्त काढावं, नळ्या धुवाव्यात, पण काच बघू नये. काचताईंसारख्या जुन्या लोकांकडे सहा महिन्यांच्या कोर्सपलीकडे कागद नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी एक दार ठेवलं. मागची सलग दहा वर्षं एकट्याने काचा पाहिल्याचा पुरावा द्या, पूर्ण दर्जा घ्या. पुरावा म्हणजे जपून ठेवलेल्या, स्वतःची खूण असलेल्या काचा. परीक्षक येणार, त्यातल्या दहा उचलणार आणि समोर वाचायला लावणार.

"तुमच्यासाठीच लिहून घेतलंय हे," ठरावराव फोनवर म्हणाले. "आणि एक अट मी हट्टाने घातलीय. दुसऱ्याने परत तपासलेल्या काचा धरायच्या नाहीत. नाहीतर उद्या कोणीही सोम्यागोम्या साहेबाच्या जिवावर तंत्रज्ञ होईल. कशी आहे अट?"

"चांगली आहे की," काचताई म्हणाल्या. त्यांना त्या दिवशी ती खरंच चांगली वाटली.

त्यांना हे प्रमाणपत्र का हवं होतं, तर जायला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिथल्या इस्पितळात जागा निघाली होती, अट एकच, पूर्ण दर्जा. "आई, तुमची खोली रंगवून सहा महिने झाले," लेक म्हणायची. "रंग जुना झाला आता. येते येते म्हणतेस नुसती." नवरा निवृत्त होऊन घरी बसला होता, तो तर बॅग भरायच्या बेतात. काचताईंना त्या लॅबमध्ये आताशा गुदमरल्यासारखं व्हायचं. उपकाराच्या माणसाला राजीनामा कसा द्यायचा, हे त्यांना कधी जमलं नव्हतं. प्रमाणपत्र म्हणजे सांगायला कारण झालं असतं.

अर्जाला मालकाचं पत्र लागत होतं, की काचा या एकट्याच बघतात. म्हणजे सरांनी लिहून द्यायचं की चोवीस वर्षं सही माझी, काम हिचं. काचताईंनी आठ दिवस पत्र पर्समध्ये फिरवलं. शेवटी मनाचा हिय्या करून समोर ठेवलं. सरांनी कागद तोंडासमोर न धरता जरा बाजूला धरला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कुठे करू?" काचताईंनी बोट ठेवलं, सरांनी बोटाशेजारी सही केली. इतक्या सहज होईल असं वाटलं नव्हतं. काचताईंना जिन्यात रडू आलं.

परीक्षक सोमवारी येणार होत्या. रविवारी दुपारी लॅब बंद असताना काचताईंनी कोठीची किल्ली मागून आणली आणि पेट्या बाहेर काढल्या. सगळ्यात जुनी पहिल्यांदा उघडली, आपलंच हस्ताक्षर बघायला. काच उचलून उजेडात धरली. नंबर होता, खाली रेघ होती. आणि काचेच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मोहरीएवढा निळा ठिपका होता.

दुसरी काच काढली. ठिपका. तिसरी, दहावी, पन्नासावी. दुसरी पेटी, पाचवी, चौदावी. प्रत्येक काचेवर तोच मार्कर पेनचा निळा ठिपका, एका मापाचा, एका कोपऱ्यात, शाळेतल्या बाईंनी वही तपासावी तसा. शेवटच्या चार पेट्यांत तेवढे ठिपके जरा भरकटलेले होते. कुठे काचेच्या मध्यावर, कुठे कडेवरून निम्मा घसरलेला. काचताईंना अर्थ कळायला वेळ लागला नाही. त्या पेट्यांमध्येच फरशीवर बसल्या.

सर रविवारीही एक चक्कर टाकायचे. ते दारात आले.

"सर, हे निळं काय आहे?"

सर येऊन काचताईंच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर ते किती सवयीने बसले, हे काचताईंनी आज पाहिलं.

"मी परत बघायचो."

"रोज?"

"रोज. तू गेलीस की. सगळ्या काचा. ठेवायच्या त्या पेटीत, बाकीच्या टाकायला."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून." कधीपासून, हे दोघांनाही उलगडून सांगावं लागलं नाही.

काचताई अशा चिडल्या की आवाज फाटला. "बावीस वर्षं! मी इथे मान मोडून बघतेय, मला वाटतंय माझ्या जिवावर लॅब चाललीय, आणि तुम्ही मागून माझी वही तपासताय! एकदा सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता," सर म्हणाले. "आणि तपासलं नसतं तर सही करताना माझा."

त्या बाईचं पोट काचताईंच्या डोळ्यांपुढे आलं. खाली बघत त्यांनी विचारलं, "किती वेळा चुकले मी?"

"तीनदा. रिपोर्ट बाहेर जायच्या आधी मी बदलला. पेशंटला काही झालं नाही. आणि तिन्ही जुन्या आहेत. गेल्या तेरा वर्षांत एकही नाही."

"दाखवा मला. एक तरी."

"नववी पेटी. एकोणसत्तर नंबर." सरांना पाठ होतं.

काचताईंनी काच लावली, तेलाचा थेंब सोडला. सर मायक्रोस्कोपवर वाकले. चाकं फिरवली, काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. बराच वेळ लागला. "ही बघ. इथे," म्हणाले आणि बाजूला झाले.

काचताईंनी डोळा लावला. समोर तांबड्या पेशींचा गर्दा होता आणि तोही धूसर. त्यांनी चित्र साफ केलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांची बोटं आपोआप काच सरकवू लागली. नजरेत मावतं ते एक घर, दोन घरं, तिसऱ्या घराच्या कडेला ती होती. मोठी, कच्ची, फिकट पोटाची पेशी, रक्ताच्या कर्करोगात दिसते तशी. एकच होती, पण एक पुरते. तेरा वर्षांपूर्वी ही त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती.

"दिसली?" सरांनी विचारलं.

"दिसली." काचताईंनी मान वर केली. "पण तुम्ही दाखवलीत तिथे नव्हती, सर."

खाली गाद्यांच्या दुकानाचं शटर कोणीतरी ओढलं.

"डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी डाग पडलाय," सर म्हणाले. "कडेचं दिसतं. जिना दिसतो, माणूस दिसतो. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. औषध नाही त्याला. चार वर्षं झाली."

"चार वर्षं? आणि हे ठिपके?"

"ठिपके देतो. सवय आहे."

"सवय आहे!" काचताई उठून उभ्या राहिल्या. "लोकांच्या जिवाशी खेळ आणि म्हणे सवय आहे!"

"तुझ्यावर विश्वास होता."

"म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायला तुम्हाला आंधळं व्हावं लागलं, सर."

काचताईंना लगेच वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेत इतकंही नाही.

मग त्या पेट्यांकडे बघत बसल्या आणि हिशेब आपोआप लागत गेला. एकट्याने सलग दहा वर्षं हवीत. शेवटची चार त्यांनी खरंच एकट्याने काढली, आणि त्यांना माहीतच नव्हतं. त्याआधीच्या सहा वर्षांत सरांची नजर धड होती, प्रत्येक काच तपासलेली. ठरावरावांच्या अटीप्रमाणे ती सहा गेली. म्हणजे काचताई सहायक. पहिल्या तारखेपासून त्यांनी काच बघायची नाही. सरांना बघता येत नाही. लेकीच्या गावची जागा गेली, आणि इथे खालून तापाने फणफणलेली माणसं जिना चढून येणार, ती कोणासमोर बसणार? ठरावरावांना खरं सांगावं तर सरांचं बिंग फुटणार. ज्या माणसाने आपल्यासाठी कॉलर धरू दिली त्याचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चार विटांवर काचताई.

"स्पिरिटने जातो तो," सर हळूच म्हणाले. "मार्करचा आहे. तुझी रेघ राहील."

तेव्हा काचताईंना समजलं की पत्रावर सही करताना म्हाताऱ्याने हे सगळं आधीच मनात मांडून ठेवलं होतं.

त्यांनी कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि शेवटच्या वर्षाच्या पेटीपासून सुरुवात केली. पहिल्या चार पेट्या भराभर झाल्या. त्यातले ठिपके खोटेच होते, न बघता दिलेले. ते पुसताना काचताईंना उलट बरं वाटत होतं. मग पाचवी पेटी उघडली. इथले ठिपके नीट कोपऱ्यात होते, गोल आणि एकसारखे. यातल्या प्रत्येक ठिपक्यामागे दिवसभराच्या कामानंतर पुन्हा इथे येऊन बसलेला एक माणूस होता. त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं, त्याचं कोणी कौतुक केलं नव्हतं. चोवीस वर्षं आपलं काम दुसऱ्याच्या सहीखाली गेलं म्हणून काचताई जळत होत्या, आणि आता त्याच माणसाचं खरंखुरं काम त्या हाताने पुसायला निघाल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" सर म्हणाले.

"मला नाही जमत हे."

"आण इकडे." सरांनी कापूस घेतला, काच घेतली, चेहरा जरा वळवून ती डोळ्यांच्या कडेने बघितली आणि पुसायला लागले. चांगले दाबून, मन लावून पुसत होते. ठिपक्याच्या शेजारची कोरी काच त्यांनी लख्ख केली. ठिपका होता तिथेच होता.

"गेला?"

काचताईंना हुंदका आवरेना. "गेला, सर," त्या म्हणाल्या. त्यांनी सरांच्या हातातून काच आणि कापूस काढून घेतला आणि ठिपका स्वतः पुसला. मग पुढची काच घेतली. सहा पेट्या संपायला संध्याकाळ झाली. सर शेवटपर्यंत शेजारी बसून बाटलीतून स्पिरिट ओतून देत होते, त्यातलं निम्मं टेबलावर सांडत होतं.

सोमवारी परीक्षकबाई आल्या, दहा काचा उचलल्या, काचताईंनी दहाच्या दहा बरोबर वाचल्या. बाईंनी काच उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "या परत कोणी तपासायचं का?" काचताई "नाही" म्हणाल्या. संघटनेच्या सभेत ठरावरावांनी अभिनंदनाचा ठराव मांडला आणि त्यावर भाषणही ठोकलं. प्रमाणपत्र आलं, सरांनीच ते फ्रेम करून आणलं आणि काचताईंच्या खुर्चीसमोर लावलं.

"वाच बघू, काय लिहिलंय," सर म्हणाले.

काचताईंनी वाचलं, "सलग दहा वर्षं, कोणाच्याही देखरेखीशिवाय."

"छान," सर म्हणाले.

लेकीचा फोन दर रविवारी येतो. "आता तर कागदही मिळाला. कधी येताय?" काचताई म्हणतात, "पुढच्या महिन्यात." असे पाच महिने झाले. इस्पितळातली जागा केव्हाच भरली. नवऱ्याने बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात ठेवले आणि त्यावर एक शब्दही बोलला नाही, याचाच काचताईंना धाक वाटतो. जाणार कशा? लॅबमध्ये बघणारे डोळे दोनच, आणि ते कोणाचे आहेत हे दोघांनाच माहीत.

त्याहून वाईट गोष्ट निराळीच आहे. आधी बावीस वर्षं त्या बिनघोर काचा बघायच्या. आता त्यांना माहीत आहे की त्या तीनदा चुकल्या होत्या, आणि शेवटच्या चार वर्षांत किती चुकल्या हे कोणीच पाहिलेलं नाही. सर संध्याकाळी येत नाहीत. पाच वाजले की काचताई पर्स उचलतात, दारापर्यंत जातात, आणि परत येऊन खुर्चीवर बसतात. दिवसभराच्या सगळ्या काचा पहिल्यापासून पुन्हा लावतात. एकेक काच बघून झाली की उलटी करतात, सरांच्या खणातला मार्कर काढतात आणि कोपऱ्यात निळा ठिपका देतात.